वाचनालयावर पाडकामाची नोटीस लागली तर : नगरपालिकेचं मन वळवण्याची वाट, कागदासकट

खान्देशातल्या तालुक्याच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय बहुतेक वेळा गावाच्या अगदी मोक्याच्या जागी असतं. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ सालचं. त्याच्या मागून लहानमोठ्या गावांतही वाचनालयं उभी राहिली. तेव्हा गाव लहान होतं आणि जागेला आजचा भाव नव्हता. आता त्याच जागेच्या चारी बाजूंनी बाजारपेठ आहे. त्यामुळे कधी ना कधी पालिकेच्या विषयपत्रिकेवर ‘व्यापारी संकुल’ येतं, नाहीतर मे महिन्यात पावसाळ्याआधीच्या धोकादायक इमारतींच्या यादीत वाचनालयाचं नाव झळकतं. कित्येकदा दोन्ही एकदमच होतं.

अशा वेळी गावातली चांगली माणसं मोर्चा काढतात, सह्या गोळा करतात, साने गुरुजींच्या फोटोला हार घालून उपोषणाला बसतात. हे सगळं करावं, त्याला माझा विरोध नाही. पण पालिका चालते ठरावावर, आणि ठराव फिरतो तो फाइलमधल्या कागदांवर. मुख्याधिकाऱ्याला वाचनालय आवडत असलं तरी ‘इमारत धोकादायक आहे’ असा शेरा फाइलवर असताना पाडकाम थांबवायची सही तो करणार नाही. उद्या भिंत पडली तर जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून त्याला निर्धोकपणे सही करता येईल असा कागद तयार करून त्याच्या टेबलावर पोचवणं, हे आपलं खरं काम.

आधी नोटीस वाचा

नोटीस कोणत्या कलमाखाली आहे, कोणाच्या नावाने आहे, सही कोणाची आहे आणि मुदत किती, या चार गोष्टी एका वहीत उतरवून घ्या. भुसावळ, अमळनेर, चोपडा, शिरपूर, नंदुरबार, शहादा अशा नगरपरिषदांच्या गावी १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो, आणि धोकादायक इमारतीची नोटीस बहुधा त्याच्या कलम १९५ खाली निघते. जळगाव आणि धुळे या महापालिका आहेत. तिथे १९४९ चा महापालिका अधिनियम, आणि त्याचं कलम २६४.

धोकादायक इमारतीची नोटीस आणि जागेच्या पुनर्विकासाचा ठराव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं उत्तर अभियंता देतो, दुसरीचं सभागृह देतं. पालिकेच्या बोलण्यात दोन्ही एकत्र येतात : इमारत जुनी झालीच आहे, तर पाडून संकुल बांधू, वर तुम्हाला एक हॉल देऊ. तुम्ही मात्र दोन्हींची उत्तरं वेगळ्या पत्रांत द्या.

नोटिशीच्या मुदतीच्या आत लेखी उत्तर गेलंच पाहिजे, मग ते चार ओळींचं का असेना : नोटीस मिळाली, इमारतीचं स्वतंत्र स्थापत्य परीक्षण करून घेत आहोत, अहवाल अमुक तारखेपर्यंत सादर करू, तोवर वरचा मजला वापरासाठी बंद ठेवला आहे, तोपर्यंत पुढील कारवाई करू नये. यातलं मजला बंद ठेवल्याचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण लोकांच्या जिवाची काळजी आम्हालाही आहे, हे त्यातून नोंदलं जातं. ते खरं करून मगच लिहा. पत्र आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

जागा कोणाची, हे कागदावर दाखवा

‘ही जागा गावाने दिली’ असं सगळे सांगतात. कोणत्या ठरावाने, कोणत्या अटीवर, हे सहसा कोणालाच ठाऊक नसतं. भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि नगररचना विभागातून झोन दाखला व भाग नकाशा घ्या. विकास आराखड्यात ती जागा वाचनालय किंवा सार्वजनिक वापर म्हणून दाखवलेली असेल, तर तिथे दुकानं काढायला आधी आराखड्यात फेरबदल करावा लागतो. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे त्यासाठी नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात आणि त्याला एक महिन्याची मुदत असते. हा एक महिना तुमच्या उपयोगाचा आहे.

जुने कागद शोधताना एक लक्षात ठेवा. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, पुढे जळगाव आणि धुळे ही नावं आली, आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे नंदुरबार किंवा तळोद्याच्या वाचनालयाचा जुना कागद धुळ्याच्या रेकॉर्डमध्ये पश्चिम खान्देशच्या नावाखाली निघू शकतो. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा जाणकार गाठा. इतिहास-संशोधक वि. का. राजवाडे यांचं निधन १९२६ साली धुळ्यात झालं आणि त्यानंतर तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मोडी कागद वाचण्याची परंपरा त्या गावात आहे, तिथे चौकशी करा.

जागा संस्थेच्या मालकीची असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पालिकेची असेल आणि संस्था भाडेपट्ट्याने बसली असेल, तर पट्टा संपला का आणि भाडं थकलं का, हे आजच बघा. थकबाकी असेल तर वर्गणी काढून आधी ती भरा. थकबाकीदार संस्थेचं म्हणणं सभागृहात कोणी ऐकून घेत नाही.

आणखी एक बाब बऱ्याच जुन्या वाचनालयांत दुर्लक्षित असते. धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, ज्यांची नावं आहेत तेच कायद्याने विश्वस्त. निवडणूक झाली, मंडळ बदललं, पण फेरफार अर्जच दिला नाही, किंवा दिला आणि तो वर्षानुवर्षं पडून आहे, असं चित्र असतं. मग पालिकेचा वकील उभा राहून विचारतो, हे पत्र लिहिणारे तुम्ही कोण? हा प्रश्न येण्याआधी परिशिष्टाची प्रमाणित प्रत आणि प्रलंबित अर्जाचा क्रमांक हाताशी ठेवा.

फाइल बघून या

माहिती अधिकाराचा अर्ज द्या. फी १० रुपये, विषय एकच, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणावरून अर्ज परत येतो. मागायचं ते नेमकं मागा : वाचनालयाच्या इमारतीच्या तपासणीचा अहवाल, बांधकाम विभागाची टिपणी, संबंधित सभेचा ठराव व इतिवृत्त, आणि संकुलाचा आराखडा तयार झाला असल्यास त्याची प्रत.

उत्तराला ३० दिवसांची मुदत आणि तुमच्या नोटिशीला कदाचित पंधराच दिवस. म्हणून अर्जावर थांबू नका. राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना स्थानिक कार्यालयांत फाइल बघता येतात. दोघांनी जा. एकाने वाचायचं, एकाने लिहून घ्यायचं. टिपणीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवा, कारण पुढे उत्तर द्यायचं आहे ते त्याच वाक्यांना. पुष्कळदा फाइलमध्ये परीक्षण अहवाल नसतोच. ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता इमारत जीर्ण दिसून येते’ एवढ्या एका ओळीवर सगळं उभं असतं.

इमारतीचं परीक्षण : इथे घाई नको आणि कंजुषीही नको

सगळा वाद शेवटी या अहवालावर येऊन ठरतो, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

जुनी वाचनालयं बहुधा काळ्या दगडाच्या किंवा विटांच्या चुन्यातल्या भिंतींवर, सागवानी तुळयांवर उभी असतात, आणि वर माळवद (मातीचं सपाट छत) किंवा कौलं असतात. त्यांत सिमेंट काँक्रीटचे कॉलम नसतात, भिंतीच भार घेतात. काँक्रीट तपासायची जी हातोडी असते, तिचे आकडे अशा भिंतीला लावून ‘ताकद कमी’ लिहिलेलं असेल, तर ती तपासणीच गैरलागू आहे. म्हणून संरचना अभियंता निवडताना पहिला प्रश्न विचारा : चुन्यातल्या दगडी बांधकामाचं काम पूर्वी केलंय का? जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, धुळे आणि शिरपूरलाही अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथल्या स्थापत्य विभागाकडे रीतसर फी भरून परीक्षण मागा. अशा संस्थेच्या लेटरहेडवरचा अहवाल पालिकेला सहज बाजूला टाकता येत नाही.

अभियंता येण्याआधी तुम्ही स्वतः एक काम करून ठेवा. भिंतीतल्या प्रत्येक मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि पट्टीवर तारीख घाला. पट्टीच्या शेजारी वर्तमानपत्राचं त्या दिवसाचं पान धरून फोटो काढा. भेग अजून हलत असेल तर काच तडकते. तडकली नाही तर भेग जुनी आहे आणि थांबलेली आहे, असं धरायला आधार मिळतो. महिनाभराच्या या फोटोंचा अभियंत्याला फार उपयोग होतो. तडकलीच, तर तेही त्याला दाखवा. लपवू नका.

भिंतीला ओल कुठून येते ते बघा. माळवदावरची फुटकी पन्हाळ, मागच्या गल्लीत तुंबलेली गटार, भिंतीच्या भेगेत उगवलेला पिंपळ, आणि चुन्याच्या भिंतीवर नंतर केलेला सिमेंटचा गिलावा. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडून ठेवतो आणि भिंत आतून भुसभुशीत होते. लोकांना भिंत पडायला आली असं वाटतं, पण दुखणं पुष्कळदा गिलाव्याचं आणि पन्हाळीचं असतं.

नंतर वजनाचा प्रश्न. घराचा मजला चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराच्या वजनाचा धरतात. पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला भारतीय मानकाप्रमाणे ६०० किलो धरावे लागतात, आणि कपाटं उंच असतील तर त्याहूनही जास्त. म्हणजे वरच्या लाकडी मजल्यावर पन्नास लोखंडी कपाटं असतील, तर इमारत खरोखर त्रासात आहे. ती सगळी कपाटं तळमजल्यावर आणा. हे करायला कोणाची परवानगी लागत नाही, गावातली पोरं दोन रविवारांत करतील, आणि अहवालात ‘वरच्या मजल्यावरील भार काढून घेण्यात आला आहे’ अशी ओळ येईल.

अहवालाच्या शेवटी इमारतीचा वर्ग स्पष्ट लिहून घ्या. महाराष्ट्रात हे वर्ग ठरलेले आहेत : सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ सोडून काहीही आलं तर पाडकामाचा पाया ढासळतो. अहवालाबरोबर दुरुस्तीचं अंदाजपत्रक शासकीय दरसूचीप्रमाणे घ्या. त्याशिवाय पालिकेचा अभियंता पुढे सरकत नाही.

आणि सी-१ आलंच तर? तर ते मान्य करा. माणसांच्या डोक्यावर तुळई पडू द्यायची नसते. मग लढा भिंतीसाठी नसतो, वाचनालयासाठी असतो, आणि मागण्या बदलतात : आधी पर्यायी जागा, मग पुस्तकांचं स्थलांतर, मगच पाडकाम, नव्या इमारतीत तळमजल्यावर आजच्याइतकं तरी क्षेत्र, आणि हे सगळं नोंदणीकृत करारात. तोंडी दिलेला वरच्या मजल्यावरचा हॉल घेऊ नका. जिना चढून पेपर वाचायला यायचं म्हटलं की सत्तरीच्या माणसांचं येणं थांबतं.

वाचनालय चालू आहे, हे आकड्यांत दाखवा

‘आता कोण वाचतं?’ हे वाक्य सभागृहात हमखास येतं. त्याचं उत्तर भाषणाने देऊ नका. दोन आठवडे दारात एक वही आणि एक माणूस बसवा. सकाळी पेपर वाचायला किती आले, दुपारी अभ्यासिकेत किती बसले, देवघेव किती झाली, बालविभागात किती मुलं आली, त्यांत मुली किती. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याच्या खोलीत राहणारी, पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी मुलं दुपारभर वाचनालयाच्या जाड भिंतीआड बसतात. ही मुलं शेतकऱ्यांची आहेत, आणि त्यांचे आईबाप मतदार आहेत.

सोबत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे दरवर्षी जाणारा वार्षिक अहवाल, शासनमान्य वर्ग, सभासदसंख्या आणि दाखल नोंदवहीतली एकूण ग्रंथसंख्या जोडा. दुर्मिळ पुस्तकं, पोथ्या, जुनी नियतकालिकं यांची वेगळी यादी करा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेलं वाचनालय बेघर होणार असेल, तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी पालिकेला पत्र लिहावं, अशी लेखी विनंती त्यांना करा. एका सरकारी कार्यालयाचं दुसऱ्याला गेलेलं पत्र फाइलमध्ये वजन टाकतं.

नगरसेवकांकडे जाताना

सह्यांचा एकच जाडजूड गठ्ठा करू नका. सह्या प्रभागवार लावा. प्रत्येक कागदावर वर प्रभाग क्रमांक, खाली नाव, पत्ता, सही. मग प्रत्येक नगरसेवकाकडे फक्त त्याच्याच प्रभागाचे कागद घेऊन जा. एकगठ्ठा पाच हजार सह्या त्याला गर्दीसारख्या दिसतात. स्वतःच्या गल्लीतल्या दोनशे सह्या मात्र तो नावं वाचत बघतो, आणि बघता बघता चेहरा बदलतो : हा तर आपल्या बूथवर बसणारा, ही तर मावसबहीण.

भेटायला जाताना तिघं जा. त्यांत एक ज्येष्ठ वाचक, एक अभ्यासिकेतली मुलगी, आणि एक व्यापारी असावा, कारण संकुलाच्या बाजूने बाजारपेठ आहे असं गृहीत धरलेलं असतं. गावात अहिराणी चालत असेल तर अहिराणीतच बोला. “भाऊ, काय व्हयनं आपला वाचनालयनं?” या एका प्रश्नाने जेवढं मोकळं बोलणं होतं, तेवढं छापील निवेदनाने होत नाही. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांकडेही त्याच आठवड्यात जा. विषय एका गटाचा झाला की दुसरा गट हट्टाने विरुद्ध मत देतो.

सभा नसेल आणि प्रशासक असेल, तर हेच सगळं प्रशासकाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, विषय मांडता येतो.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. सूचक आणि अनुमोदक कोण होणार, तेही आधी ठरवून घ्या. मसुदा असा चालेल :

*“विषय : सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीची दुरुस्ती करून त्याच जागी वाचनालय चालू ठेवणेबाबत.*
*ठराव : सिटी सर्व्हे नं. ____ येथील वाचनालयाच्या इमारतीचा दि. ____ रोजीचा स्थापत्य परीक्षण अहवाल सभेपुढे ठेवण्यात आला. सदर अहवालानुसार इमारत दुरुस्तीयोग्य असल्याचे दिसून येते. सबब यापूर्वीच्या सभेतील ठराव क्र. ____ ची अंमलबजावणी स्थगित ठेवण्यात येत आहे. सोबतच्या अंदाजपत्रकानुसार दुरुस्तीचे काम हाती घेण्यास व त्यासाठी निधीची मागणी करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. पुढील कार्यवाहीचे अधिकार मुख्याधिकारी यांना देण्यात येत आहेत.”*

यात कोणावर दोषारोप नाही आणि जुना ठराव चुकीचा होता असंही म्हटलेलं नाही. ज्यांनी तेव्हा हात वर केला होता, त्यांना आता पुन्हा हात वर करता येतो.

पैसा कुठून येणार

हा प्रश्न सभेत येणारच, आणि त्याचं उत्तर एका पानावर लिहून न्यावं. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, कोलकाता, ही १९७२ सालापासूनची केंद्राची संस्था ग्रंथालयांना इमारतीसाठीही सहाय्य देते. प्रस्ताव राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. आमदार आणि खासदार स्थानिक विकास निधी आहेच. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात. वाचनालयाची दुरुस्ती त्यात बसते का, हे आधी विचारून घ्या. जिल्हा नियोजन समितीकडेही मागणी द्या. गावातून थोडी तरी रक्कम उभी करून बँकेत ठेवा आणि पासबुकाची प्रत जोडा. पुणे, मुंबई, सुरतला गेलेली गावची माणसं अशा कामाला हात आखडता घेत नाहीत, मात्र पावती संस्थेच्या पुस्तकातली द्या.

दुकानांच्या भाड्याचं उत्पन्न बुडेल, असं पालिका म्हणेल. रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्ट्यात, वाचनालयाच्या भिंतीला धक्का न लावता, दोन-चार गाळे होण्याजोगे असतील तर त्याचा विचार स्वतःहून मांडा. मला हे मनापासून आवडत नाही, पण अडून बसून सगळंच गमावण्यापेक्षा हे बरं.

ठराव विरोधात गेला तर

ठरावाची प्रमाणित प्रत लगेच मागा. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात. अर्जात परीक्षण अहवाल, विकास आराखड्यातला वापर आणि पर्यायी जागा न देता चाललेलं पाडकाम, हे तीन मुद्दे ठेवा. महापालिकेच्या बाबतीत कलम ४५१ खाली ही दाद राज्य शासनाकडे मागायची. पाडकामाची तारीखच जाहीर झाली असेल तर वाट बघू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, तिथल्या वकिलाला सगळी फाइल घेऊन भेटा. आतापर्यंत जमवलेल्या पोच, फोटो आणि अहवाल हेच तिथे तुमचे साक्षीदार.

वार्ताहरांना बातमी द्यायची ती अहवाल हाती आल्यावर. नुसत्या ‘वाचनालय वाचवा’ची बातमी एक दिवस छापून येते. ‘इमारत दुरुस्तीयोग्य असल्याचा तज्ज्ञांचा अहवाल’ ही बातमी मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर कात्रण होऊन जाते. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच खान्देशात वाचनालयं पाडली जातात, हे त्या बातमीत लिहायला विसरू नका.

ठराव बाजूने लागला तर

इतिवृत्त कायम होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, कारण सभेत बोललेलं आणि इतिवृत्तात लिहिलेलं यांत फरक पडू शकतो. पुढच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीची रक्कम स्वतंत्र ओळीत दिसते का ते बघा. ती नसेल तर ठराव कागदावरच राहतो. तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश या प्रत्येक टप्प्याला बांधकाम विभागात माणूस गेला पाहिजे. तो माणूस ठरवून नेमा, म्हणजे सगळे जण एकमेकांवर ढकलणार नाहीत. आणि निधी येण्याची वाट न बघता, मृगाच्या पावसाआधी, संस्थेच्या पैशांतून पन्हाळ बदला, भिंतीतला पिंपळ मुळासकट काढा आणि माळवदावर ताडपत्री टाका. ही तीन कामं केल्याचे फोटो पालिकेला पत्रासोबत पाठवा आणि त्याचीही पोच घ्या.